इतिहासाचा सातबारा कुणाच्या नावावर?

(एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रे, ग्रंथ आणि कागदपत्रे संगणकावर आणण्याचे काम हाती घेतले आहे. त्या निमित्ताने ग्रंथालयाच्या सभागृहात परिसरातल्या स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा हा मजकूर.)



या ग्रंथालयानं आपल्या कपाटांतला जुना ऐवज स्कॅन करून संगणकावर ठेवायचं ठरवलं आहे. काम चांगलं आहे, आणि ते सुरू होण्याआधी चालकांनी आपल्याला बोलावलं हेही चांगलं झालं. एरवी आपल्याला उद्घाटनाला ओवाळायला बोलावतात. आज काम ठरायच्या वेळी बोलावलंय, तेव्हा दोन प्रश्न विचारूनच जाऊ. या संग्रहात काय जाणार? आणि जे जाणार ते पुढं कुणाच्या नावानं सापडणार? माझं आजचं बोलणं या दोन प्रश्नांपुरतंच आहे.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली निघालं, मुंबईचं १८९८ साली. पुढं १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, अनुदान मिळू लागलं आणि खेड्यापाड्यांत वाचनालयं उभी राहिली. आज अनुदान घेणारी अकरा हजारांहून अधिक ग्रंथालयं राज्यात आहेत. त्यांतली कितीतरी एका खोलीत चालतात, आणि तिथली ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर झाडण्यापासून नोंदणीपर्यंत सगळं करते.

या ग्रंथालयांत जे आहे ते दुसरीकडं कुठं नाही, ही गोष्ट आपण लक्षात घेत नाही. मोठे ग्रंथ मुंबई-पुण्याला मिळतात. पण तालुक्याचं साप्ताहिक, नगरपालिकेचे जुने अहवाल, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, साखर कारखान्याचा पहिला अहवाल, सत्याग्रहींची यादी, गावच्या जत्रेचं हँडबिल हे सगळं राहिलं तर गावच्याच कपाटात राहतं. ते कपाट गेलं की गावाची आठवण गेली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि जुन्या ग्रंथांचा लगदा झाला. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची तीच गत झाली. ते वाचनालय १८६४ सालचं! पूर नसला तरी वाळवी आहे, गळकं छप्पर आहे, आणि रद्दीवाला तर दर महिन्याला दारात आहेच. म्हणून हे संगणकाचं काम व्हायलाच हवं. ते कसं व्हावं, एवढंच आपल्याला बोलायचं आहे.

एक पुस्तक ९३ वर्षं दिसेनासं होतं

ताराबाई शिंदे यांचं नाव आता आपल्या शिबिरांत सगळ्यांना पाठ असतं. बुलढाण्याच्या या बाईनं १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. पुण्यात छापलं, पाचशे प्रती काढल्या, किंमत नऊ आणे ठेवली. सुरतेच्या एका विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली होती, त्या निमित्तानं सगळ्या बायकांच्याच चारित्र्यावर वर्तमानपत्रांतून चिखलफेक चालली होती. तिला ताराबाईंनी दिलेलं हे उत्तर. टीका एवढी झाली की जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. त्यानंतर मात्र पुस्तक दिसेनासं झालं. ते पुन्हा वाचकांपुढं आलं १९७५ साली, स. गं. मालशे यांनी संपादन करून छापलं तेव्हा.

१८८२ ते १९७५ म्हणजे ९३ वर्षं. मधल्या काळात आपल्या आज्या-पणज्या शिकल्या, चळवळीत गेल्या, तुरुंगात गेल्या. आपल्याआधी एका बाईनं हे सगळं इतक्या रोखठोक लिहून ठेवलंय याचा पत्ता त्यांतल्या बहुतेकींना नव्हता. प्रत्येक पिढीनं पहिल्यापासून सुरुवात केली. एक प्रत कुठंतरी शिल्लक राहिली म्हणून तर पुस्तक परत आलं. तीही गेली असती तर?

दुसरं उदाहरण मुक्ता साळवेचं. फुल्यांच्या शाळेतली ही मातंग समाजातली मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. आज तो आपण वाचतो तो ‘ज्ञानोदय’च्या जुन्या फायली जपल्या गेल्या म्हणून. मिशनऱ्यांना जपणूक करायची सवय होती, साधनंही होती. उलट ‘दीनबंधू’ बघा. सत्यशोधकांचं हे पत्र १८७७ साली निघालं. १९०८ ते १९१२ या काळात तानूबाई बिर्जे त्याच्या संपादक होत्या. बाई वर्तमानपत्राची संपादक, तेही शंभर वर्षांपूर्वी! पण त्यांचं लेखन सलग वाचायचं म्हटलं तर ‘दीनबंधू’चे अंकच सलग मिळत नाहीत. मुक्ता हाताला लागते आणि तानूबाई निसटतात. दोघींच्या लेखणीत काही कमी-जास्त होतं असं नव्हे. एकीचा कागद जपणारं कुणी होतं, दुसरीचा फारसं कुणी जपला नाही.

दुर्मीळ कशाला म्हणायचं?

स्कॅन करायचं काम निघालं की पहिला निकष लावला जातो तो ‘दुर्मीळ ग्रंथ’ असा. यादी होते. बखरी, चरित्रं, संस्थानिकांच्या वंशावळ्या, संस्थापकांचे फोटो, देणगीदारांचे फोटो. त्याला माझा विरोध नाही. पण हिशेब करून पाहू. ज्या चरित्राच्या हजार प्रती निघाल्या ते कुठल्या ना कुठल्या ग्रंथालयात सापडेल. १९७३ साली खडी केंद्रावरच्या बायकांनी मजुरी वाढवून मागण्यासाठी सायक्लोस्टाइल करून काढलेलं एक पत्रक कुणाच्या ट्रंकेत असेल, तर त्याची तेवढी एकच प्रत असेल. मग दुर्मीळ काय?

म्हणून पहिली मागणी अशी करू, की प्रती किती उरल्या आहेत यावर कामाचा क्रम लागू दे. जे एकच आहे ते आधी.

आणि हे दुष्काळाचं सहज म्हणून सांगितलं नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर पाझर तलाव, नालाबांध, रस्ते झाले. ग्रामपंचायतीच्या फलकावर काय असतं? तलावाचं वर्ष असतं, भूमिपूजन करणाऱ्या पुढाऱ्याचं नाव असतं. माती कुणी वाहिली? त्या कामांवर बायका मोठ्या संख्येनं होत्या. लेकरू झाडाखाली झोळीत, आणि डोक्यावर घमेलं. त्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली, तिचा कायदा १९७७ साली झाला. पुढं देशाच्या कायद्याला तो पायाभूत ठरला. म्हणजे या तालुक्याचा इतिहास लिहायचा तर त्या हजेरीपटापासून लिहायला पाहिजे. हजेरीपटात बायकांची नावं असतात, पुढं अंगठे असतात. सरकारी दप्तर ठरावीक मुदतीनंतर नष्ट केलं जातं. काय शिल्लक असेल? कुणाकडं मजुरीची चिठ्ठी असेल, कुणाकडं फोटो असेल, बाकी सगळं त्या बायकांच्या आठवणीत. त्या बायका आज सत्तरीच्या, ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांचं बोलणं आत्ताच ध्वनिमुद्रित केलं तर मिळेल.

तीच गोष्ट शहाद्याची. १९७२-७३ च्या सुमारास शहाद्याकडच्या आदिवासी बायकांनी गुत्त्यांवर जाऊन दारूची मडकी फोडली, दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. त्याच काळात मुंबईत महागाईविरुद्ध लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी बायकांचं प्रचंड अधिवेशन झालं. हे सगळं आपल्या चळवळीला माहीत आहे, कारण कुणीतरी लिहून ठेवलं. पण चांदवडला आपल्या तालुक्यातून कोण कोण गेलं होतं? ट्रकचं भाडं कुणी भरलं? घरी स्वयंपाक कुणी केला? ते चांदवडच्या कपाटात नाही सापडणार. ते इथल्या कपाटात असायला पाहिजे.

सापडेल कुणाच्या नावानं?

आता दुसरा प्रश्न. समजा सगळं स्कॅन झालं. हजारो पानं संगणकात गेली. त्यातून हवं ते पान काढायचं कसं? त्यासाठी नोंद लागते. प्रत्येक कागदाला, फोटोला, ध्वनिफितीला नाव, तारीख, गाव, विषय, माणसं अशी माहिती जोडावी लागते. ही नोंद जो करतो तो ठरवतो की पुढच्या पिढीला काय सापडेल.

आपल्याकडच्या जुन्या फोटोंखालच्या ओळी वाचा. ‘डावीकडून अध्यक्ष अमुक, सचिव तमुक, आणि महिला मंडळाच्या भगिनी.’ पुरुषांना नावं, बायकांना मंडळ. स्मरणिकेत ‘सौ. पाटील वहिनी’. सभासद यादीत नवऱ्याचं नाव आणि पुढं ‘यांच्या पत्नी’. समजा एक मुलगी माहेरी कमल शिंदे म्हणून सेवादलात होती, तिनं शाळेच्या हस्तलिखितात कविता लिहिली. लग्नात नाव बदललं, ती सुमन जगताप झाली. पुढं नवऱ्यानं टाकल्यावर शिक्षिका झाली आणि माहेरचं आडनाव लावून सुमन शिंदे म्हणून सही करू लागली. संगणकात या तीन बायका होतील. तिचं सगळं आयुष्य तीन तुकड्यांत पडेल आणि एकाही तुकड्यावरून ती कोण होती ते कळणार नाही.

यावर उपाय अवघड नाही. ग्रंथालयशास्त्रात ‘पाहा’ अशी जोडनोंद करायची पद्धत जुनीच आहे. कमल शिंदे शोधलं की ‘सुमन जगताप पाहा’ असं येईल, आणि उलटंही. पण या तिघी एकच आहेत हे सांगणार कोण? संगणक नाही सांगणार. ते तिची शेजारीण सांगेल, तिची नणंद सांगेल, आपल्यातली कुणी सांगेल. म्हणून दुसरी मागणी अशी, की जुने फोटो स्कॅन करायच्या आधी म्हाताऱ्या बायकांना इथं बोलवावं, चहा द्यावा, फोटो समोर ठेवावेत आणि त्या सांगतील ती नावं लिहून घ्यावीत. एका दुपारी चाळीस नावं मिळतील. काही चेहऱ्यांवर त्यांचं भांडण होईल, ते दोन्ही बाजूंनी लिहून घ्यावं.

विषयाची नोंद करतानाही जागरूक राहायला पाहिजे. बायकांचं जे काही असेल ते ‘स्त्रीविषयक’ या एका खणात घालायची सवय आहे, आणि त्या खणात आधीपासून पाककृती आणि रांगोळ्या असतात. खडी केंद्रावरचं पत्रक ‘दुष्काळ’, ‘मजुरी’ आणि ‘स्त्रिया’ या तिन्ही नावांनी सापडलं पाहिजे. दुष्काळाचा अभ्यास करायला आलेल्या मुलाला ते दिसलंच नाही, तर त्याच्या प्रबंधात बायका येणारच नाहीत.

हे होऊ शकतं याचा एक मोठा दाखला आपल्याजवळ आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक! कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. आता त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं येत आहेत. तिथं ओवीबरोबर गाणारीचं नाव असतं, गाव असतं, जात-व्यवसाय असतो. ‘लोकगीत, कर्ता अज्ञात’ म्हणून ती ओवी मोकळी सोडलेली नाही. ज्या बाईला शाळेचं तोंड पाहायला मिळालं नाही, ती तिथं स्वतःच्या नावानं उभी आहे.

दुसरा दाखला उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचा. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा शोध घेत त्या फिरल्या, त्यांना भेटल्या, बोलतं केलं. त्यातून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झालं. त्याच सुमारास, १९८८ साली, मुंबईत ‘स्पॅरो’ ही संस्था निघाली. स्त्रियांच्या आयुष्याचे आवाज, चित्रं, कागद जपणं हेच तिचं काम. या कामांना मोठ्या यंत्रसामग्रीनं सुरुवात झाली नाही. बाईनं बाईजवळ बसून ऐकलं, इथून सुरुवात झाली.

सगळंच उघडं करायचं का?

आता जरा नाजूक विषय. इतका वेळ मी ‘नावं लिहा, नावं लिहा’ म्हणत होते. पण काही ठिकाणी नाव लिहिणं हाच अन्याय असतो.

देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि देशभर आंदोलन उभं राहिलं. मथुरा खटला म्हणून आपण तो ओळखतो. म्हणजे त्या मुलीच्या नावानं ओळखतो. त्या आंदोलनामुळं १९८३ साली कायदा बदलला, आणि अशा गुन्ह्यात पीडित स्त्रीची ओळख छापणं हाच गुन्हा ठरला. आजच्या भारतीय न्याय संहितेतही कलम ७२ मध्ये ती तरतूद आहे.

पण १९८३ च्या आधीची साप्ताहिकं काढून बघा. बाईचं नाव, बापाचं नाव, गाव, वाडी, सगळं छापलेलं असतं. ‘पळून गेली’, ‘विहिरीत उडी घेतली’, ‘अनैतिक संबंधातून’, अशा भाषेत. कागदावर होतं तोवर ते धूळ खात होतं, कुणी पानं चाळली तरच दिसे. संगणकावर आलं, अक्षरं ओळखणारी प्रणाली त्यावर चालवली, आणि घरबसल्या सगळ्यांना खुलं झालं, की नाव टाकल्याबरोबर ते पान समोर येईल. त्या बाईच्या नातीचं लग्न ठरत असताना कुणीतरी ते पान काढील. गावात काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

मग ती पानं फाडून टाकायची का? मुळीच नाही. त्या बातम्या म्हणजे त्या काळाचा पुरावा आहे, बायकांकडं कसं पाहिलं जात होतं त्याचा. पण जपणं वेगळं आणि चव्हाट्यावर मांडणं वेगळं. स्कॅन सगळंच करावं. काही मजकूर सर्वांना खुला ठेवावा. काही फक्त ग्रंथालयात बसून, वहीत नोंद करून वाचता यावा. काही ठरावीक वर्षं बंद ठेवावा. नाव झाकून अभ्यासाला देता येण्यासारखं असेल ते तसं द्यावं. हे कुणी ठरवायचं, तर एका छोट्या समितीनं, आणि त्या समितीत सल्ला-केंद्रावर काम केलेल्या बायका असल्याच पाहिजेत.

आपल्या संघटनांच्या कपाटांनाही हेच लागू आहे. सल्ला-केंद्राच्या केस-फायली, तक्रारअर्ज, समझोत्याचे कागद हे त्या बायकांचे आहेत. त्यांनी ते विश्वासानं दिले. ते या संग्रहात घालायचे नाहीत, कितीही ‘ऐतिहासिक’ वाटले तरी. एखादीला स्वतःची हकीकत सांगायची असेल तर तिचं स्वागत. पण तिला आधी समजावून सांगायचं, की हे ध्वनिमुद्रण कोण ऐकेल, कुठं ऐकेल. नाव घालायचं की नाही ते तिलाच ठरवू द्यायचं. आणि पुढं तिचं मन बदललं तर ते बाहेर काढता आलं पाहिजे, हेही लिहून ठेवायचं.

थोडं कायद्याचं, थोडं कामाचं

काहींनी मला विचारलं, की जुनी मासिकं स्कॅन करायला परवानगी लागते का. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला, स्वतःजवळ असलेल्या छापील प्रतीची जतनासाठी संगणकीय प्रत करून ठेवता येते. ती इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकणं मात्र वेगळी गोष्ट. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याचा हक्क राहतो. म्हणजे ताराबाईंचं पुस्तक सगळ्यांचं आहे, पण १९७७ साली निघालेल्या ‘बायजा’तला लेख लेखिकेला किंवा तिच्या वारसांना विचारून टाकायचा. आपल्या संघटनांची पत्रकं, गाणी, पथनाट्यं यांचं तसं अडायचं कारण नाही. हक्क आपले असतील तर संमतीचं एक पत्र लिहून द्यायचं. त्यात ‘विनामूल्य वाचनासाठी, विक्रीसाठी नाही’ हे वाक्य आठवणीनं घालायचं.

आता घरच्या कागदांविषयी. पिना आणि स्टेपल काढा, त्या गंजतात. चिकटपट्टी लावू नका, तिचा डाग कागद खातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट कागद कोंबू नका. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, तारीख आणि नावं बहुधा तिथंच पेन्सिलीनं लिहिलेली असतात. मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपनं पाठवलेली प्रत जतनाला चालत नाही, ती पाठवताना बारीक होते. छापील मजकूर इंचाला निदान तीनशे ठिपके आणि फोटो-हस्ताक्षर त्याहून अधिक, असं स्कॅन करायला सांगा. मूळ प्रत टिफमध्ये, वाचायची पीडीएफमध्ये. प्रती तीन ठेवायच्या, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. सांगलीचा पूर विसरू नका.

नव्वदीच्या दशकातल्या आपल्या मासिकांचा वेगळाच प्रश्न आहे. ती संगणकावरच जुळवलेली. युनिकोड रुळायच्या आधी छापखान्यागणिक वेगळा फॉण्ट असे. त्या फ्लॉपी आज कुणाकडं असल्या तरी त्या वाचणारं यंत्र नाही, आणि यंत्र मिळालं तरी तो फॉण्ट नसेल तर पडद्यावर अगम्य चिन्हं उमटतात. १८५५ चा ‘ज्ञानोदय’ डोळ्यांनी वाचता येतो आणि १९९५ ची फ्लॉपी वाचता येत नाही! म्हणून छापलेला अंक हाच खरा पुरावा समजा, तो सांभाळा. आणि चालकांना तिसरी मागणी अशी, की स्कॅन झालं म्हणून मूळ कागद रद्दीत घालायचे नाहीत.

आपल्याला वेळ कुठं आहे?

तुमच्यातल्या काहींच्या मनात हा प्रश्न असणार, आणि तो रास्त आहे. दारात मार खाल्लेली बाई उभी असताना जुने कागद कसले चाळायचे?

पण आपल्या लढ्यांत आपल्याला काय ऐकून घ्यावं लागतं ते आठवा. ‘आपल्या गावात असं कधी नव्हतं.’ ‘हे शहरातल्या बायकांचं खूळ आहे.’ ‘आमच्या बायका सुखी होत्या.’ याला उत्तर काय? ताराबाई बुलढाण्याच्या होत्या, दारूची मडकी फोडणाऱ्या शहाद्याच्या होत्या. आणि आपल्याच गावात अमुक साली बायकांनी दुकान बंद करायचा अर्ज दिला होता, त्यावर एवढ्या सह्या आणि एवढे अंगठे होते, हा बघा कागद. आडव्या बाटलीला मतदान मागताना असा एक कागद दहा भाषणांचं काम करतो. घराच्या, जमिनीच्या भांडणात जुना ठराव, जुनी यादी, जुना फोटो उपयोगी पडतो. कागद ज्यांच्याकडं असतो त्यांचं म्हणणं टिकतं, हे आपल्याला कोर्टाच्या पायऱ्या चढून कळलेलं आहे.

आणि शेवटचं. हे ग्रंथालय चालवतं कोण? कार्यकारी मंडळ. मंडळ निवडतं कोण? सभासद. आपल्यातल्या किती जणी इथं सभासद आहेत? बहुतेकींच्या घरी पुस्तक येतं ते नवऱ्याच्या किंवा मुलाच्या कार्डावर. वर्तमानपत्राच्या टेबलाशी संध्याकाळी बाई बसलेली दिसत नाही. संग्रहाचा संगणक त्या टेबलाशेजारी ठेवला तर तो आपल्यासाठी नसल्यासारखाच. तो कुठं ठेवायचा, दुपारी दोन ते चार या आपल्याला सोयीच्या वेळेत खोली उघडी राहील का, नोंदी करायला गावातल्या शिकलेल्या मुली घ्यायच्या का आणि त्यांना मोबदला किती द्यायचा, हे वार्षिक सर्वसाधारण सभेत ठरतं. तिथं मत सभासदाला असतं. आपण शेतजमीन बायकांच्या नावावर करा म्हणून गावं पिंजून काढली. इतिहासाच्या सातबाऱ्यावर नाव लावायचं तर त्याचा तलाठी इथं बसतो.

तेव्हा काम वाटून घेऊ. प्रत्येक गटानं पुढच्या तीन महिन्यांत निदान पाच जणींना या ग्रंथालयाचं सभासद करायचं, स्वतःच्या नावानं. आपल्या गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या पाच बायकांची यादी करायची, कोण कुठल्या कामावर होती ते लिहून आणायचं. आणि आपापल्या संघटनेच्या इतिवृत्ताच्या वह्या, पत्रकं, फोटो कुणाच्या घरी, कुठल्या ट्रंकेत आहेत ते शोधायचं. ट्रंक लगेच इथं आणू नका. आधी फक्त काय आहे त्याची यादी करा, मग एकत्र बसून काय द्यायचं, काय राखायचं ते ठरवू.

सभासदत्वाचे अर्ज बाहेर ग्रंथपालबाईंच्या टेबलावर ठेवले आहेत. जाताना घेऊन जा. भरताना नाव कुठलं लावायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.